कन्सेशनची खिडकी

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ग्रंथालयाचा फोटो असतो, जिमखान्याचा असतो, वातानुकूलित सभागृहाचा तर हमखास. ऑफिसच्या खिडकीचा फोटो मी अजून कुठल्या पुस्तिकेत पाहिलेला नाही. वसई-विरार पट्ट्यातल्या मुलामुलींचं शिक्षण तडीला जाणार की मध्येच सुटणार, हे मात्र पुष्कळदा याच खिडकीवर ठरतं, असं माझं मत आहे.

वर्ग सुरू झाले की तिथे पहिली रांग लागते रेल्वे कन्सेशनची. फॉर्म छोटासाच. नाव, वय, घराजवळचं स्टेशन, कॉलेजजवळचं स्टेशन, पास महिन्याचा की तिमाही, आणि खाली सही-शिक्का. हा कागद बुकिंग काउंटरवर दिला की पास निम्म्या दरात मिळतो. २०१३ च्या एप्रिलात लोकल डहाणू रोडपर्यंत गेली आणि या रांगेतल्या स्टेशनांची नावंच बदलली. वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा. विरारच्या पलीकडे गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की पहिली दोन लेक्चरं गेली म्हणून समजायचं. वसई-दिवा मार्गावरच्या जूचंद्र आणि कामण रोडच्या मुलांची गत याहून वाईट.

सवलत घर ते कॉलेज एवढीच. क्लास बोरिवलीला असला तर त्याचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. हा नियम दर वर्षी नव्या मुलांना नव्याने समजावून सांगावा लागतो आणि दर वर्षी कोणीतरी हुज्जत घालतंच.

फॉर्मवर कॉलेजचं नाव लिहिणं हाही एक व्याप आहे. वसई रोडला विद्यावर्धिनी संस्थेने १९७१ साली सुरू केलेलं कॉलेज सगळ्यांच्या तोंडी ‘वर्तक’. कागदोपत्री ते अण्णासाहेब वर्तक कला, केदारनाथ मल्होत्रा वाणिज्य आणि ई. एस. आंद्राडीस विज्ञान महाविद्यालय. विरारच्या ‘विवा’तही तीन शाखांना तीन नावं. संत गोन्सालो गार्सिया कॉलेजचं नाव त्या मानाने सुटसुटीत. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झालेल्या संताचं ते नाव. ही सगळी मुंबई विद्यापीठाची कॉलेजं, आणि खिडकी सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच.

कन्सेशनची गर्दी ओसरली की शिष्यवृत्तीची सुरू होते. खरं कसब इथे लागतं. २०१७-१८ पासून महाडीबीटी पोर्टल आलं, अर्ज ऑनलाइन झाले, आणि काम खिडकीवरून उठून मोबाइलवर गेलं असं वरच्यांना वाटलं. प्रत्यक्षात मूल मोबाइल घेऊनच खिडकीवर येतं. ‘मॅडम, अर्ज परत आलाय.’ मॅडम स्क्रीन आडवी करून बघतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. तेवढं निस्तरलं की पुढचा प्रश्न: ‘आधार कुठल्या बँकेला जोडलंय?’ पोरगी पासबुक पुढे करते. पण हप्ता जातो आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते असतं नवं सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, तिच्या लक्षातही नसलेलं. पैसे आले नाहीत म्हणून ती सहा महिने हळहळत असते आणि ते तिच्याच नावावर पडून असतात.

कागद जमवणं हे तर वेगळंच प्रकरण. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत कोकण, खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश सगळं एका मजल्यावर नांदतं. जातीचा दाखला मात्र आज राहता तिथल्या पत्त्यावर मिळत नाही. कुटुंब ठरावीक तारखेला कुठे राहत होतं, त्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. अठरा वर्षांच्या मुलाने ज्या आजोबांना पाहिलेलंही नाही, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून आणायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर सातबारा शोधा, जुनी जन्म-मृत्यूची नोंद शोधा. कुठला कागद चालतो आणि कुठला चालत नाही, हे शासन निर्णयात छापलेलं असतं. तुमच्या घरात कुठला सापडू शकेल, हे मात्र चार प्रश्न विचारून खिडकीतला अनुभवी माणूसच सांगतो. मला विचाराल तर समुपदेशन म्हणतात ते हेच.

उत्पन्नाच्या मर्यादाही या माणसाला तोंडपाठ असतात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीला वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वर असेल तर फ्रीशिप. राजर्षी शाहू योजनेला आठ लाखांपर्यंत, निम्मी ट्यूशन फी. २०२४ साली मुलींना शंभर टक्के फीमाफीची घोषणा झाली तेव्हा बीए-बीकॉमच्या मुलीही खिडकीवर धावल्या. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, हे सांगताना खिडकीतल्यांनाच कसंनुसं होतं. तलासरी-डहाणूकडून आलेल्या आदिवासी मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येऊ शकतात. पण त्याचा अर्ज समाजकल्याणकडे न जाता डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जातो.  एवढी एक गोष्ट वेळेवर कळली नाही म्हणून मूल खोलीभाड्याला कंटाळून घरी परततं.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ हा पाचवा निकष आहे. त्यापायी समुपदेशन कक्ष, महिला विकास कक्ष, प्लेसमेंट सेल, तक्रार निवारण समिती हे सगळं आलं. सगळं हवंच. काही ठिकाणी काम चांगलं असतं, काही ठिकाणी फाइल चांगली असते. ग्रंथालयाची पुस्तकपेढी मात्र कुठलाही गाजावाजा न करता आपलं काम करते. सत्राच्या सुरुवातीला विषयांचा संच घ्यायचा, परीक्षा झाली की परत करायचा. आधीच्या मुलांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा फुकट मिळतात, आणि कधी कधी त्या नोट्सपेक्षा बऱ्या असतात.

मग एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाण्याची मुभा. विषय राहिला म्हणून शिक्षण सुटत नाही, फॉर्मची तारीख हुकली म्हणून सुटतं. तारीख नोटीस बोर्डावर लागते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते, तरी सकाळी पेपर टाकून किंवा रात्री डिलिव्हरी करून शिकणाऱ्या पोराच्या नजरेतून ती निसटतेच. अशांची नावं लक्षात ठेवून फोन करणारे कारकून मी पाहिलेत. ते त्यांच्या कामाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

गोची अशी की शिक्षकेतर पदं अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं रिकामी आहेत. खिडकीत बसतो तो बऱ्याचदा कंत्राटी. त्याला पोर्टलच्या खाचाखोचा कळेपर्यंत कंत्राट संपतं आणि पुढच्या जूनला नवा चेहरा ‘कुठले कागद लागतात?’ हे मुलांनाच विचारत बसतो. मुलं सांगतातही. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मुलांना ते पाठ असतं, कारण शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दर वर्षी नव्याने करावं लागतं, आणि पहिल्या वर्षी अर्ज परत आलेला माणूस ती यादी सहसा विसरत नाही.