वर्दी की पदवी? लष्करी अभियांत्रिकीची निवड करताना

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की जव्हार-मोखाड्यातील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चेला येतो. मुलाने सैन्याच्या अभियांत्रिकी शाखेत जावे, की पुढे शिकून नागरी क्षेत्रात अभियंता व्हावे? ज्या घरातील माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करतात, त्या घराला दरमहा निश्चित वेतनाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हा निर्णय केवळ वर्दीच्या आकर्षणावर किंवा केवळ पदवीच्या प्रतिष्ठेवर सोपवता येत नाही.

आपल्या समाजाचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. सुभेदार रामजी सकपाळ महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावच्या शाळेचे दार अस्पृश्यांना बंद होते, त्या काळात लष्करी छावणीने अनेक कुटुंबांना अक्षरओळख दिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली आणि हा आधार तुटला. 1913 च्या आरंभी बाबासाहेबांची बडोदा संस्थानाच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली होती. त्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळताच ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या शिष्यवृत्तीलाही परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याची अट होती. वर्दी त्यांनी हलकी मानली नाही. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. तथापि उच्च शिक्षणाची संधी समोर आली तेव्हा त्यांनी ती प्रथम घेतली. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना देशाच्या पाटबंधारे व वीज धोरणाला त्यांनी जी दिशा दिली, तिच्यामागे हेच शिक्षण उभे होते.

लष्करी अभियंता नेमके काय करतो, हेही समजून घ्यावे. पूल बांधणे, सुरुंग शोधून निकामी करणे, रस्ते व धावपट्ट्या तयार करणे आणि आपत्तीत मदतीला धावणे ही त्याची कामे होत. 2017 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर तेथील पादचारी पूल सैन्याच्या अभियंत्यांनी उभारला आणि तो फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. करी रोड व आंबिवली येथेही त्यांनी असेच पूल बांधले. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीला, तर लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला, म्हणजे दोन्ही पुण्यातच आहेत.

या क्षेत्राची दारे मुख्यतः चार. पहिले दार बारावीनंतरचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन किमान साठ टक्के गुण आणि जेईई मेन परीक्षा दिलेली असेल, तर तांत्रिक प्रवेश योजनेतून अधिकारी होता येते. अभियांत्रिकीची पदवी सैन्याच्या खर्चाने मिळते. दुसरे दार पदवीनंतरचे. अभियांत्रिकीचे पदवीधर वयाच्या 20 ते 27 या टप्प्यात कायम किंवा अल्पकालीन कमिशनसाठी अर्ज करू शकतात. अल्पकालीन कमिशन मुलींनाही खुले आहे. तिसरे दार अग्निवीराचे. येथे सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम केले जातात. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. निवृत्तिवेतन मिळत नाही. चौथे दार वर्दीविना उघडते. लष्करी अभियांत्रिकी सेवा, म्हणजेच एमईएस, या विभागात पदविका किंवा पदवी घेतलेले कनिष्ठ अभियंते स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून घेतले जातात. वरिष्ठ पदांसाठी लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा असते.

आपल्या पालकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. एमईएसमधील नागरी पदांना अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण व वयाची सवलत लागू आहे. सैन्यातील अधिकारी भरतीला जातनिहाय आरक्षण नाही. तेथे इंग्रजी, गणित आणि निवड मंडळासमोरची पाच दिवसांची मुलाखत यांच्या बळावरच निभाव लागतो. म्हणून तयारी बारावीच्या निकालानंतर नव्हे, आठवी-नववीतच सुरू झाली पाहिजे.

निवड करताना तीन गोष्टी तोलाव्यात. पहिली वयाची. बारावीनंतरचे दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होते, पण पदवीधरांचे दार सत्ताविसाव्या वर्षापर्यंत उघडे असते. म्हणजे आधी शिकल्याने सैन्य हातचे जात नाही. दुसरी बंधनाची. प्रशिक्षण स्वेच्छेने अर्धवट सोडल्यास त्याचा खर्च भरावा लागतो आणि कायम कमिशन घेतल्यावर मनास येईल तेव्हा नोकरी सोडता येत नाही. तिसरी नंतरच्या आयुष्याची. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होते आणि निवडक अधिकाऱ्यांना सेवेत असतानाच आयआयटीत उच्च शिक्षणासाठी पाठवले जाते. मात्र अल्पकालीन कमिशन दहा वर्षांचे, फार तर चौदा वर्षांचे असते आणि त्याला निवृत्तिवेतन नसते. हातात पदवी असलेला अधिकारी बाहेर पडून पुन्हा उभा राहतो. बारावीवरच थांबलेल्या जवानाला चार वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

नागरी क्षेत्राचे मोल आपल्या डोळ्यांसमोर आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वैतरणेवरच्या मोडक सागराला मुंबई महापालिकेचे अभियंता मोडक यांचे नाव आहे. पाड्यावरची नळयोजना, ओहोळावरचा साकव, घाटातला रस्ता ही कामे इथली माती आणि इथला पाऊस जाणणाऱ्या अभियंत्याची वाट पाहत आहेत. शिक्षणासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. या योजनांची माहिती नसल्यामुळे एखादे मूल भरतीच्या रांगेत उभे राहत असेल, तर ती त्याची निवड नव्हे, ती त्याची नाइलाजाने झालेली वाट होय.

माझे मत स्पष्ट आहे. सैन्यात जावयाचे तर अधिकारी म्हणून जाण्याचा प्रयत्न आधी करावा आणि घराला तीन-चार वर्षे धीर धरता येत असेल तर पदविका किंवा पदवी हाती घेऊनच जावे. घराची निकड खरोखरच मोठी असेल तर अग्निवीर होण्यात कमीपणा नाही. मात्र त्या चार वर्षांत मुक्त विद्यापीठातून शिक्षण चालू ठेवावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यात, एमईएसमध्ये किंवा बांधकाम विभागात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलामुलींशी बोलावे. कोणत्या दारातून जावे हे ती मुले स्वतः ठरवतील. चारही दारे त्यांना वेळेवर दाखवणे हे आपले काम आहे.