जुना गिझर : दुरुस्त करावा की बदलावा?

घरचा गिझर जुना झाला की आपण मिस्त्रीला एकच विचारतो, ‘अजून वर्षभर चालेल ना?’ त्याऐवजी बिघाड नेमका कुठे आहे, हे विचारू या. पाणी उशिरा तापत असेल, तर बहुधा कॉइलवर क्षार साचलेले असतात किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. हे भाग बदलता येतात. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. बोअरच्या खारट पाण्यात ती लवकर संपते. तीही बघून घेऊ या. मात्र टाकीच गंजून गळू लागली, तर डागडुजीत पैसे न घालवता नवा गिझर घ्यावा. आणि नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर लगेच मेन स्विच बंद करून कॉइल व अर्थिंग तपासून घ्यावं. अम्मी-अब्बा, मुलं त्याच पाण्याने अंघोळ करतात. तिथे काटकसर नको.