बनियन पिळून वजन उतरत नाही

नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक मोबाइलमधली पावलं मोजणाऱ्यांचा, दुसरा घाम मोजणाऱ्यांचा. पहिल्या पंथातला माणूस रात्री जेवण झाल्यावर आकडा ९,४०० वर अडकलेला दिसला, की बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत येरझाऱ्या घालून दहा हजारांचा हिशेब पुरा करतो. दुसऱ्या पंथातला माणूस घरी येऊन बायकोला बनियन पिळून दाखवतो. दोघंही मेहनती, दोघांच्याही निष्ठेबद्दल शंका नाही. फक्त दोघंही भलतीच गोष्ट मोजतात.

सेमिनरी हिल्सच्या चढावर, अंबाझरीच्या काठावर किंवा फिरून झाल्यावर तर्री-पोह्याच्या ठेल्याशी उभं राहिलं की व्यायामाबद्दल भरपूर ज्ञान फुकट मिळतं. त्यातलं बरंचसं असंच डोळ्यांना दिसणाऱ्या आणि कानांना ऐकू येणाऱ्या खुणांवर बेतलेलं असतं. क्रीडावैद्यकातलं संशोधन नेमकं याच खुणांना पुन्हा पुन्हा खोटं पाडत आलं आहे.

‘दहा हजार पावलं झालीच पाहिजेत’

हा आकडा मुळात कुठल्या अभ्यासातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा तयार झाली होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मॅन्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव गाजलं, आकडा जगभर गेला, आणि साठ वर्षांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळात येऊन बसला.

संशोधकांनी पावलं खरोखर मोजली ती फार नंतर. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. ७,५०० च्या आसपास फायद्याची चढण सपाट झाली. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेला लेखही सात हजारांच्याच जवळ येऊन थांबतो. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, म्हणून या टक्क्यांकडे थोडं जपून पाहायला हवं. पण दिशा स्पष्ट आहे. सगळ्यात मोठा फायदा आठ हजारांवरून दहा हजारांवर जाणाऱ्याला होत नाही, दोन हजारांवरून चार हजारांवर जाणाऱ्याला होतो. खुर्चीतून न उठणाऱ्याला दहा हजारांचा डोंगर दाखवला की तो पुन्हा खुर्चीतच बसतो. आपल्याकडे खुर्चीतल्यांची संख्या लहान नाही. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं.

जाता जाता शतपावलीबद्दल. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये मधुमेहींवर एक प्रयोग झाला. दिवसातून कधीही सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आजीचं बरोबर होतं, फक्त तिची पावलं शंभरावर संपायची. दहा मिनिटांत हजारेक होतात.

‘चालून-धावून गुडघे झिजतात’

गुडघा म्हणजे स्कूटरचं टायर, अशी आपली कल्पना. टायर वापरलं की झिजतं. पण सांध्यातली कूर्चा जिवंत असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सैल होते. स्पंजासारख्या या क्रियेतून सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यात जिरतं. न हलणारा गुडघा उपाशी राहतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी जिवाच्या आकांताने धावणाऱ्यांमध्ये मात्र १३.३ टक्के, तेव्हा अतिरेकाला इथेही माफी नाही. आणि उठताना गुडघ्यातून येणारी कटकट? दुखत नसेल, सूज नसेल, तर ती येऊ द्यावी.

‘मी तर सडपातळ, मला काय गरज?’

या समजुतीला उत्तर पुण्यातून मिळालं, तेही एका फोटोतून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, असा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघंही फिट. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. फोटोखाली दोघांनी मिश्कीलपणे लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ते गाठणं. सोबतच, याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, हेही नोंदवलं होतं.

हातपाय काटकुळे, पोट जरासं पुढे, वजनाचा काटा समाधानी आणि रक्तात साखर: हा नमुना आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. अशा माणसाला वजन घटवायचं नसतं, स्नायू कमवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचालीची आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला सांगितलं आहे, ते आपण वाचतच नाही. ‘आता या वयात वजनं कसली उचलायची’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी पण अजून ताजी गोष्ट. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना १९९० च्या सुमारास आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

‘जिममध्ये गेलं की अटॅक येतो’

एखाद्या तरुणाचा ट्रेडमिलवर कोसळतानाचा व्हिडिओ आला की आठवडाभर ठेल्यावर दुसरा विषय नसतो, आणि घरातल्या पोट्ट्यांची जिम बंद होते. भीती अगदी निराधार नाही. पण तिचा अर्थ उलटा लावला जातो. १९९३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना विचारलं गेलं, की झटक्याच्या आधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता? जोरकस श्रमानंतर लगेच धोका वाढतो, हे खरं ठरलं. पण किती वाढतो? आठवड्यातून एकदाही नीट व्यायाम न करणाऱ्यांमध्ये १०७ पट. पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांमध्ये जेमतेम २.४ पट.

इतकं बोलकं आकड्यांचं जोडपं वैद्यकात क्वचित सापडतं. धोका व्यायामात कमी आणि अचानकपणात जास्त आहे. वर्षभर सोफ्यावर बसून लग्नाच्या तारखेआधी महिनाभर जिममध्ये तुटून पडणारा, एखाद्या रविवारी एकदम क्रिकेटचे तीन सामने खेळणारा, तो या १०७ पटींच्या गटात मोडतो. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कोविडच्या लसीने धोका वाढल्याचं आढळलं नाही. घरात अशा मृत्यूचा इतिहास, कोविडसाठी रुग्णालयात भरती झालेलं असणं, आधीच्या ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान आणि त्याच ४८ तासांतले अतितीव्र श्रम यांचा संबंध आढळला. तेव्हा शनिवारी रात्रीची पार्टी आणि रविवारी सकाळची शर्यत, यातलं एक निवडा.

‘घाम निघाला म्हणजे चरबी जळली’

आता बनियनकडे. हा गैरसमज नागपुरात टिकावा याचं मला विशेष नवल वाटतं, कारण त्याचं खंडन प्रत्येक घराच्या खिडकीत टांगलेलं आहे.

कूलर मे महिन्यात का चालतो आणि जुलैत का चालत नाही, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. मे महिन्यातली हवा कोरडी असते. ओल्या गवतातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पाऊस सुरू झाला की हवा दमट, पाणी उडेना, कूलर नुसता चिकचिकाट फेकतो. घाम हा शरीराचा कूलर आहे, दुसरं काही नाही. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तीस अंशांचं लिटरभर पाणी उकळीला आणायला लागते, त्याच्या आठपट. काम करतो तो उडालेला घाम. टपटपणारा, बनियनमध्ये मुरलेला घाम वाया गेलेला असतो.

म्हणून मुंबईत अर्धा तास चालणारा भिजून निघतो आणि नागपुरात मे महिन्यात तासभर चालणारा कोरडाच राहतो, कपाळावर फक्त मिठाची पांढरी रेघ. घाम त्याचाही गेलेला असतो, दिसला नाही इतकंच. चरबीचा हिशेब वेगळाच आहे. सत्तर किलोच्या माणसाने तासभर झपाझप चालून साधारण तीनशे किलोकॅलरी खर्च केल्या, तर चरबी जाते फार तर चाळीसेक ग्रॅम. काट्यावर कमी दिसलेलं किलोभर वजन दोन ग्लास पाणी आणि एक ग्लास ताक पोटात गेलं की निम्म्याहून जास्त परत येतं.

पोटाला प्लास्टिकचा पट्टा बांधून किंवा रेनकोटसारखं जॅकेट चढवून धावणारे हे कूलरवर ताडपत्री टाकून तो चालवणाऱ्यांपैकी होत. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण महिनाभरात दगावले. वजनगटात बसण्यासाठी ते रबरी सूट घालून, पाणी तोडून घाम गाळत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धांत असे सूट बंद झाले.

मग पाणी जितकं जास्त तितकं चांगलं? तेही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं होतं. त्यांच्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले बरेच होते, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले. तासाभराच्या फिरण्याला तहानेप्रमाणे पाणी पुरतं. लांबच्या सरावाला मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी बरं.

उन्हाची सवय मात्र खरंच होते. दहा ते चौदा दिवस हळूहळू सराव वाढवला की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीचा सराव घेणाऱ्या उन्हाळी शिबिरांना आणि भरतीच्या क्लासेसना हे कुणीतरी सांगायला हवं. खिशातला कांदा यात काहीही करत नाही. डोक्यावरचा ओला दुपट्टा करतो, कारण तोही कूलरच.

आणि एक समज असा, जो जिवावर बेततो: ऊन लागलेल्याच्या अंगावर थंड पाणी टाकू नये, झटका बसतो. पोलीस भरतीच्या १,६०० मीटरची तयारी करणारा धडधाकट मुलगाही उष्माघाताने कोसळू शकतो, आणि त्याचं अंग कोरडं पडेल याची वाट पाहू नये. श्रमातून आलेल्या उष्माघातात घाम बहुधा चालूच असतो. खूण दुसरीच: तो असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, विचारलेलं त्याला समजत नाही. अमेरिकेतल्या फॅलमथ इथे दर ऑगस्टमध्ये होणाऱ्या शर्यतीत अठरा वर्षांत अशा २७४ धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं. सगळे वाचले. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या, हा आज क्रीडावैद्यकाचा नियम आहे आणि त्यासाठी हाताशी अर्धा तास असतो.

टब लागतोच असं नाही. चौघांनी चार कोपरे उचलून धरलेली ताडपत्री, तिच्यात तो मुलगा, पाण्याचे ड्रम आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेला बर्फ, एवढ्यावर भागतं. डोकं पाण्याच्या वर धरा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. मैदानावर मुलांना पळवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने मार्च लागण्याआधी ही ताडपत्री आणून ठेवावी. एकाने १०८ ला फोन लावावा, आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता पाणी ओतायला लागावं.