घुमट कोणाचा?

बाळकुमहून ठाणे आणि ठाण्याहून व्ही.टी., हा माझ्या वडिलांचा मजुरीचा रस्ता. लहानपणी त्यांनी मला तिथल्या घुमटाकडे बोट दाखवून सांगितले होते, 'सरकार तिथं बसतं.' ती रेल्वेची कचेरी आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. पण वडील चुकले असे मी म्हणणार नाही. पाहणाऱ्याला सत्तेपुढे आपण लहान वाटावे, हाच १८८८ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचा डौल आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या त्या घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती उभी आहे. ही प्रगती कोणाची, हे खालच्या मजुराने विचारायचे नव्हते. फक्त मान वर करून पाहायचे होते!

समोरची महापालिकेची घुमटवाली इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ सालची. शहराचा कारभार घुमटाखाली आला. शहराचा मैला उपसणारे मात्र त्याच्या सावलीबाहेरच राहिले.

पण हा अर्धगोल आपल्याला इंग्रजांनी शिकवलेला नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरलेला सोपाऱ्याचा स्तूप तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच. स्तूपाचा 'अंड' भरीव असतो. त्याला गाभारा नाही, म्हणून उंबरठा नाही. पुजारी आत आणि आपण बाहेर, अशी वाटणी नाही. सर्वांनी भोवतीने चालायचे. सांचीच्या दगडांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, कारागीर आहेत.

हाच आकार ल्युटेन्सने सांचीच्या कठड्यासह दिल्लीत व्हाइसरॉयच्या प्रासादावर चढवला. १९३१ साली त्या प्रासादाचे उद्घाटन झाले आणि समतेची खूण साम्राज्याचा मुकुट झाली. आकाराला स्वतःची निष्ठा नसते. तो ज्याच्या हाती, त्याची भाषा बोलतो.

म्हणूनच नागपूरच्या दीक्षाभूमीचे मोल. शिवदानमल यांच्या आराखड्याचे हे काम १९७८ साली सुरू झाले. १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी केले. ल्युटेन्सच्या घुमटाखाली राहणारा एक दलित माणूस आपल्या माणसांच्या घुमटाशी आला! हा स्तूप सांचीसारखा भरीव नाही, आतून पोकळ आहे. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या उंबरठ्यापाशीही येऊ दिले नाही, त्यांना आत घेणारा घुमट हवा होता.

आपल्या गावात उद्या घुमटाची कचेरी उभी राहिली, तर तिची उंची मोजत बसू नका. दारावरचा शिपाई कोणाला अडवतो, ते आधी पाहा.