रात्रीची सावली, पहाटेची रांगोळी

झोपायला निघालेली बाई पॅसेजचा दिवा मालवते आणि अंधारात तिला कुणीतरी उभं दिसतं. दिवा लावते, तर पॅसेज रिकामा. पुन्हा मालवते, पुन्हा ती आकृती. असं दोन-चारदा होतं आणि मग ती आकृती एकदम पुढ्यात येते. घाबरलेली बाई दिवा पुन्हा मालवला जाऊ नये म्हणून बटणावर चिकटपट्टी लावते आणि पांघरुणात शिरते. 'लाइट्स आउट' हा लघुपट जेमतेम तीन मिनिटांचाही नाही आणि त्यात संवाद नाहीत. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग यांनी २०१३ मध्ये तो आपल्या राहत्या घरातच चित्रित केला. बाईचं काम त्यांच्या पत्नी लोटा लोस्टेन यांनी केलं. मग तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिला. जगभर तो इतका पाहिला गेला की २०१६ मध्ये हॉलिवूडनं त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला आणि दिग्दर्शनही सँडबर्ग यांच्याकडेच दिलं.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला असे भयलघुपट आवडीनं पाहिले जातात. हिवाळ्याच्या तोंडावर मेलेल्यांचे आत्मे परत येतात, या जुन्या केल्टिक समजुतीतून हा सण आला. भुताचा वेष करून पोरं दारोदार खाऊ मागतात.

वऱ्हाडाला हे चित्र फार परकं वाटू नये. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत इथं घरोघर भुलाबाई मांडलेली असते. संध्याकाळी पोरी या घरून त्या घरी जातात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखतात. ओळखता आला नाही की घरच्या बाईला कोण आनंद होतो!

कोजागरी सरली की काही दिवसांतच अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या गुरुकुंज मोझरीत माणसांचा पूर येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथं १९३५ मध्ये आश्रम उभारला. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. पुण्यतिथी तिथीनुसार, आश्विन वद्य पंचमीला होते. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक जागच्या जागी स्तब्ध उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात.

पण या परंपरेतली सर्वांत देखणी गोष्ट पहाटेची आहे, ती म्हणजे रामधून. आधी रस्ता झाडायचा, सडा टाकायचा, मग दारापुढं रांगोळी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पांढरी रेघ सुटते, ठिपक्याला ठिपका मिळतो, मध्ये हळद-कुंकवाचा रंग भरला जातो. भगव्या टोपीतली मंडळी भजनं म्हणत समोरून जातात. काढणारीचं नाव रांगोळीखाली कुठंच नसतं. दुपारपर्यंत पायांखाली, चाकांखाली ती पुसूनही जाते. येणारा-जाणारा ओळखीचा असो वा नसो, त्याच्यासाठी हातानं केलेलं काहीतरी रस्त्यावर ठेवायचं, हा संस्कार गावागावांतल्या बायकांनी आजवर जपला आहे. त्याला कला म्हणायला आपणच कचरतो.

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ शहरातला एक चित्रकार हेच करत आला. 'माय डॉग साइज' या टोपणनावानं तो ओळखला जातो. रस्त्यात फेकलेले चेपलेले डबे उचलायचे, त्यांवर चेहरे रंगवायचे आणि शुक्रवारी ते पुन्हा रस्त्यावर ठेवायचे. ज्याला सापडेल त्यानं न्यावे. 'फ्री आर्ट फ्रायडे' या नावानं ही रीत अनेक शहरांत पसरली. अमेरिकेत मेगन मर्फी यांनी २०१५ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांवर धीराचे दोन शब्द लिहून ते तिथंच ठेवायला सुरुवात केली, तोही उपक्रम बघता बघता दूरवर गेला. सँडबर्ग यांचा लघुपट याच जातीचा आहे. तोही घरी, हातच्या साधनांत केलेला आणि अनोळखी माणसांसाठी वाटेवर ठेवलेला.

तरी भुताची गोष्ट आली की वऱ्हाडात एक सावधपणा हवा. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याचे प्रकार अजून घडतात. अशा अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. तुकडोजी महाराजांनीही अंधश्रद्धेवर सतत बोट ठेवलं. म्हणून मुलांना भयपट दाखवूच नये का? उलट दाखवावा, आणि संपल्यावर दिवा लावून तो कसा केला तेही दाखवावं. कॅमेरा एका जागी ठेवायचा, दिवा मालवून एकदा माणसासह आणि एकदा दिवा लावून माणसाविना चित्रण करायचं, मग तुकडे जोडायचे. घरातल्या मोबाइलवर हे एका संध्याकाळी जमतं. सावली कशी बनते हे ज्या पोरानं स्वतःच्या हातानं करून पाहिलं, त्याला पुढे मांत्रिकानं घाबरवणं अवघड जाईल.

यंदा कोजागरी ते ३१ ऑक्टोबर या दिवसांत घरच्या पोट्ट्यांना घेऊन असा एक लघुपट जरूर करा. आणि मोझरीला जाणार असाल, तर नदीतले चार गुळगुळीत गोटे रंगवून सोबत घ्या. बसथांब्याच्या कट्ट्यावर किंवा झाडाच्या पारावर, कुणाच्या पायात येणार नाहीत असे ठेवा. मागच्या बाजूला फक्त 'तुमच्यासाठी' एवढं लिहा. नाव लिहू नका.