विकण्याआधी शिकवणारे पत्र

एकेकाळी अनेक आडत पेढ्यांवरून बाहेरगावच्या ग्राहकांना नियमित पोस्टकार्डे जात असत. त्यात तुरीचा, हळदीचा, गुळाचा त्या दिवसाचा भाव असे, आवक किती झाली याची एक ओळ असे आणि खाली पेढीचा शिक्का असे. ‘माल घ्या’ असे त्यात क्वचितच लिहिलेले असे. तरीही खरेदीची वेळ आली की ग्राहकाला तीच पेढी आठवे, कारण बाजाराची खरी खबर त्याला तेथूनच मिळत होती. ईमेलद्वारे ग्राहकाला चार गोष्टी शिकवून व्यवसाय वाढविणे, या आजच्या पद्धतीकडे मी नवलाई म्हणून पाहत नाही, ते याच कारणाने.

आपल्याच समाजातील जळगावचे भवरलालजी जैन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्रीपासून त्यांनी सुरुवात केली. पुढे ठिबक सिंचनाचा व्यवसाय उभा राहिला तो केवळ नळ्या विकून नव्हे. पिकाला पाणी किती, केव्हा आणि कसे द्यावे हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याचे काम विक्रीच्या बरोबरीने चालले. ज्याला ठिबक कळले नाही, तो ते विकत घेणार तरी कशाला?

आता हे लहान व्यापाऱ्याला का हवे, ते सांगतो. बँकेत असताना कॅश क्रेडिट खात्यांची स्टॉक स्टेटमेंट माझ्या टेबलावर येत. येणेकऱ्यांच्या यादीत वीस नावे असत; पण रकमा पाहिल्या की निम्म्याहून अधिक येणी दोनच नावांवर अडकलेली दिसत. अशी पेढी बाहेरून भरभक्कम दिसते. प्रत्यक्षात त्या दोन मोठ्या ग्राहकांपैकी एकाने पैसे लांबविले की तिचा श्वास कोंडतो. साधारणपणे 90 दिवसांपुढची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाही. म्हणजे ग्राहक पैसे देत नाही आणि त्याच कारणाने बँकही हात आखडता घेते. मालक तगादा लावायला कचरतो, कारण तो ग्राहक गेला तर दुसरा नाही. यावर खरा उपाय एकच, लहान लहान ग्राहकांची संख्या वाढविणे. पण दहा-वीस हजारांच्या ऑर्डरसाठी गावोगाव विक्रेता फिरविणे परवडत नाही. तेथे पत्र उपयोगी पडते.

उदाहरणादाखल पॅकेजिंगचे साहित्य विकणारे एखादे दुकान घेऊ. त्याचे संभाव्य ग्राहक म्हणजे पापड, मसाले, चटण्या, दिवाळीचा फराळ करणारे गृहउद्योग. या भगिनींची पहिली चिंता पाउचच्या दराची नसते. पाउचवर काय छापावे, ही असते. पदार्थाचे नाव, घटकांची उतरत्या प्रमाणानुसार यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, उत्पादकाचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक, एवढे मुद्दे एका पत्रात नीट मांडले तर ते पत्र छापून भिंतीवर चिकटवले जाईल. दुसरे पत्र हिरव्या ठिपक्याविषयी असावे. हा विषय आपल्या घरांतही पुष्कळांना नीट माहीत नसतो. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कांदा, लसूण किंवा कंदमूळ नसल्याचे सांगत नाही. कायद्याच्या व्याख्येत मधही मांसाहारी गणला जात नाही, म्हणून मध असलेल्या पदार्थावरही हा ठिपका येतो. जैन ग्राहकासाठी माल बनविणाऱ्या उद्योगाने घटकांची यादी किती काटेकोर द्यावी, हे यावरून आपोआप कळते.

तिसरे पत्र पापड सादळतो का, यावर. साध्या पिशवीतून बाष्प हळूहळू आत शिरते आणि धातूचा थर असलेल्या पाउचमध्ये ते बरेच रोखले जाते, एवढे सोप्या शब्दांत सांगावे. येथेच दुकानदाराची कसोटी आहे. पंधरा दिवसांत खपणाऱ्या मालाला महागडे पाउच लागत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल. पण वाचणाऱ्याला कळेल की हा मनुष्य आपल्याला फसवीत नाही, आणि उद्या निर्यातीचा माल भरायची वेळ आली तर ती त्यालाच विचारील.

पत्राचा घाट साधा असावा. ‘सप्रेम जय जिनेंद्र’ किंवा ‘सप्रेम नमस्कार’ने आरंभ, एकच विषय, अडीचशे-तीनशे शब्द, आणि शेवटी एक ओळ: ‘आपल्या लेबलचा नमुना छपाईपूर्वी पाठविल्यास आम्ही पाहून कळवू.’ विक्रीचे निमंत्रण एवढेच. दहा हजार पाउच चुकीच्या मजकुराने छापून वाया जाण्यापेक्षा ही सेवा घेणे कोणालाही पटेल. महिन्यातून दोन पत्रे पुरेत. रोज पत्र पाठविणारा लवकरच कचराकुंडीत जातो.

काही जण म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला? किराणा ग्राहकासाठी व्हॉट्सअ‍ॅपच बरे, याबद्दल माझा वाद नाही. पण कार्यालयातून खरेदी करणाऱ्याला सहा महिन्यांनी लेबलचे पत्र शोधायचे असते. ते ईमेलमध्ये शब्द टाकताच सापडते, आणि ग्रुपमधल्या सुप्रभात संदेशांच्या ढिगात सापडत नाही.

पत्ते कोठून आणायचे, हा नाजूक प्रश्न आहे. बाजारात हजारो ईमेल पत्त्यांच्या याद्या विकत मिळतात. त्या घेऊ नयेत. आपल्या श्रावकधर्मात अचौर्य अणुव्रताची व्याख्याच अदत्तादानाचा त्याग अशी आहे; जे दिलेले नाही ते घेऊ नये. ज्याने स्वतः पत्ता दिलेला नाही, त्याच्या पेटीत आपले पत्र टाकणे मला याच कक्षेत येते असे वाटते. आता देशाचा कायदाही त्याच दिशेने गेला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती हा पाया आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. म्हणून बिल करताना विचारावे, प्रदर्शनात वहीवर लिहून घ्यावे, आणि प्रत्येक पत्राखाली ‘पत्र नको असल्यास कळवा’ ही सोय ठेवावी. याद्या हळू वाढतील. वाढू द्याव्यात. एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे: अशा पत्रांना कोणी ज्ञानदान म्हणू नये. दानात परतफेडीची अपेक्षा नसते. येथे ती आहे, आणि ती असण्यात गैर काही नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सर्व पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकले तर प्रत्येक ग्राहकाला बाकीच्या साऱ्यांचे पत्ते दिसतात, आणि आपली यादी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जायला वेळ लागत नाही. जीमेलच्या विनामूल्य खात्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंतच पत्र जाते. यादी मोठी होऊ लागली की दुकानाच्या स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता आणि या कामासाठीची सेवा घ्यावी, आणि एसपीएफ व डीकेआयएम या दोन नोंदी जाणकाराकडून करून घ्याव्यात. फेब्रुवारी 2024 पासून गुगल व याहूने पाठविणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत; या नोंदी नसतील तर चांगले पत्रही स्पॅममध्ये पडू शकते.

घरात कोणी चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील असतील तर त्यांनी आधी आपल्या संस्थेची आचारसंहिता पाहावी. या व्यवसायांत ग्राहक मागण्यावर बंधने आहेत. कापड किंवा पॅकेजिंगच्या व्यापाऱ्याला जे चालते ते त्यांना चालेलच असे नाही.

पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावर फार विसंबू नये. 2021 पासून ॲपलच्या मेलमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाते. त्यापेक्षा उत्तरे मोजावीत. कोणी ‘माझ्या लोणच्याच्या बाटलीचे झाकण गळते, काय करू?’ असे विचारले तर त्याला सविस्तर उत्तर द्यावे, आणि त्याचे नाव न घेता तोच प्रश्न पुढच्या पत्राचा विषय करावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले पत्र पाठविण्याआधी सहा पत्रे लिहून तयार ठेवावीत. दिवाळीच्या गर्दीत लिहायला वेळ मिळत नाही, आणि फराळाच्या पाउचचे लेबल ग्राहकाला त्याच्या दोन महिने आधी हवे असते.