बोटांनी वाचलेला समुद्र

चौपाटीवर किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर गेलेली मुले येताना मूठभर शिंपले घेऊनच घरी येतात. त्यांतल्या एखाद्या शिंपल्याला दोरा ओवता येईल असे वाटोळे भोक असते. मुली त्यांची माळ करतात. पण ते भोक कोणी पाडले, हा प्रश्न किती घरांत विचारला जातो?

ते भोक ही शिकारीची खूण आहे. वाळूत राहणारी एक मांसाहारी समुद्री गोगलगाय शिंपल्याला धरते, आम्ल सोडून आणि खरखरीत जिभेने घासून कवचाला भोक पाडते आणि आतला जीव खाते. अशा खुणा वाचून समुद्रातील जीवांचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास सांगणारे एक शास्त्रज्ञ आहेत, गीरत व्हर्मे. जीवाश्म आणि जिवंत शंख असा दोन्हींचा त्यांचा अभ्यास. विशेष असे की, यातला एकही शंख त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ते अंध आहेत.

गीरतचा जन्म 1946 साली हॉलंडमध्ये झाला. लहानपणीच काचबिंदूने गाठले आणि तिसऱ्या वर्षी दृष्टी गेली. आईवडील कपाळ बडवत बसले नाहीत. ते आणि गीरतचा भाऊ पिसे, वाळलेली पाने, शिंपले असे जे मिळेल ते त्याच्या हातात देत, वास घ्यायला लावत. निसर्गाची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत आणि हा मुलगा त्यातला मजकूर ब्रेल लिपीत उतरवून घेई.

1955 साली हे कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात गेले. तिथे तो डोळस मुलांबरोबर शाळेत बसू लागला. चौथीत असताना वर्गाच्या बाईंनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शंखशिंपले खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. गीरतने ते हातात घेतले. हॉलंडचे शिंपले खडूसारखे खरबरीत. हे मात्र नक्षीदार, आतून काचेसारखे गुळगुळीत! थंड समुद्रातले शिंपले साधे आणि उबदार समुद्रातले इतके नटलेले, असे का? दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाला पडलेला हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

पुढे येल विद्यापीठात संशोधनासाठी प्रवेश हवा होता. आंधळा माणूस शंखांचा अभ्यास कसा करणार, अशी शंका तिथेही होतीच. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांना संग्रहालयाच्या तळघरात नेले आणि एक शंख हातावर ठेवला. व्हर्मे यांनी बोटे फिरवून त्याची जात सांगितली.  दुसरा दिला, तोही ओळखला. प्रवेश मिळाला. 1971 साली ते डॉक्टरेट झाले.

त्याआधी, 1970 साली पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर त्यांच्या हाती फुटके शंख आले. लाटांनी फुटले असतील, असे कोणीही म्हणाले असते. पण ते फोडणारे होते दणकट नांग्यांचे खेकडे. काही शंखांवर बोटाला वेडीवाकडी कड लागे, जणू गोधडीला लावलेले ठिगळ. म्हणजे हल्ला झाला होता, जीव वाचला होता आणि त्याने आपले कवच पुन्हा भरून काढले होते.

व्हर्मे यांनी मग कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म तपासले. 1977 साली त्यांनी मांडले की, डायनासोरांच्या काळात, म्हणजे सुमारे 25 कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात कवच फोडणारे खेकडे, मासे वगैरे शिकारी वाढत गेले. त्याबरोबर शंखही बदलले. कवचे जाड झाली, तोंडे अरुंद झाली, काटे आले. सैल वेटोळ्यांचे नाजूक शंख मागे पडले. कित्येक जीव वाळूत खोल पुरून राहू लागले.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कोणा शंखाने ठरवून कवच जाड केले नाही. ज्यांचे कवच जन्मतः थोडे जाड होते ते हल्ल्यातून वाचले, त्यांचीच पिल्ले वाढली. पिढ्यान् पिढ्या हेच घडत गेले. यालाच उत्क्रांती म्हणतात. शत्रू बळकट झाला की बचाव बळकट होतो, हा व्हर्मे यांच्या 1987 सालच्या ग्रंथाचा गाभा. हिंदी महासागर ते पॅसिफिक या पट्ट्यातले शंख अटलांटिकमधल्यांपेक्षा जास्त चिलखती असतात, असेही त्यांना आढळले. आपला अरबी समुद्र याच पट्ट्यात येतो.

1992 साली त्यांना अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले. हे काम करताना समुद्रात विषारी काट्याच्या माशाचा दंशही त्यांनी सोसला.

बाईंनी खिडकीतले शिंपले “हात लावू नको, फुटतील” म्हणून उचलून ठेवले असते तर? शाळेने “हा आंधळा, याला काय कळणार” म्हटले असते तर? बुद्धी गीरतजवळ होतीच. पण तिला दार उघडे मिळाले, म्हणून जगाला हे ज्ञान मिळाले.

तेव्हा पुढच्या वेळी घरात तिसऱ्या शिजल्या की शिंपले लगेच टाकून देऊ नका. मुलांना डोळे मिटून त्यांवर बोट फिरवायला सांगा. एखादी जुनी जखम हाताला लागेल. मुले विचारतील, “आई, हे काय?” त्या वेळी त्यांना गप्प करू नका.